पिल्लू खात का नाही? सरड्याची भूक आणि सूर्याची ऊब

अशी कल्पना करा की कळव्यातल्या एका इमारतीत, तुमच्या वर्गमित्राच्या घरी, काचेच्या पेटीत एक पिल्लू आणले आहे. लांबी जेमतेम वीतभर, रंग पिवळसर तपकिरी, डोके त्रिकोणी, गळ्याखाली आणि कुशीवर मऊ काट्यांच्या ओळी. हा ऑस्ट्रेलियातला ‘दाढीवाला सरडा’. बाजारात त्याला बिअर्डेड ड्रॅगन म्हणतात. घाबरला किंवा रागावला, की तो गळा फुगवतो, गळ्याची कातडी काळी पडते आणि दाढी आल्यासारखी दिसते. म्हणून हे नाव.

हा प्राणी खादाड आणि शांत आहे, असे सगळ्यांनी सांगितलेले असते. पण चार दिवस झाले, पिल्लू लाकडाच्या ढलपीखाली दडून बसले आहे. समोर किडा सोडला तर एखादा खाते, नाहीतर डोळे मिटून घेते. मित्र काळजीत पडतो. रोज नवा पदार्थ आणतो: अळ्या, कोथिंबीर, गाजराचा कीस. पिल्लू कशालाच तोंड लावत नाही. एवढ्याशा जिवाच्या अंगात साठवलेली चरबी थोडीच असते. मोठा सरडा काही आठवडे उपाशी राहू शकेल, पिल्लू तितके टिकणार नाही.

अशा वेळी आपण विचारतो, ‘याला काय खायला द्यावे?’ त्याआधी विचारायचा प्रश्न निराळाच आहे: ‘याचे अंग किती गरम आहे?’ असे का, ते समजून घेण्यासाठी आधी आपल्या घराबाहेरच्या सरड्याकडे जाऊ.

कुंपणाच्या भिंतीवरचा सरडा

कळव्याच्या पूर्वेला पारसिकचा डोंगर आणि पश्चिमेला ठाण्याची खाडी. डोंगराच्या पायथ्याशी सकाळचे ऊन थोडे उशिराच पोहोचते. ऊन कुंपणाच्या भिंतीवर आले, की थोड्याच वेळात तिथे आपला नेहमीचा बागेतला सरडा येऊन बसतो. नीट पाहा. तो अंग पसरून, उन्हाला आडवा बसतो. त्याचा रंग या वेळी बहुधा गडद असतो, कारण गडद रंग उष्णता जास्त शोषून घेतो. अंग तापले, की रंग उजळतो आणि सरडा चपळ होतो. मग मुंगी, नाकतोडा, माशी दिसली, की झेप घेतो. दुपारी भिंत फार तापली, की तो सावलीत सरकतो.

हा आपला सरडा आणि तो दाढीवाला सरडा एकाच कुळातले आहेत. या कुळाला ‘अ‍ॅगॅमिडी’ म्हणतात. दोघांची राहण्याची जागा वेगळी, पण अंग तापवण्याची रीत एकच. आपल्या शरीरात अन्न ‘जाळून’ ऊब तयार होते आणि आपले तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. सरड्याला ही सोय नाही. त्याची ऊब बाहेरून, सूर्याकडून किंवा तापलेल्या दगडाकडून येते.

पूर्वी अशा प्राण्यांना सरसकट ‘थंड रक्ताचे’ म्हणत. १९४४ मध्ये रेमंड काउल्स आणि चार्ल्स बोगर्ट या अमेरिकन शास्त्रज्ञांनी वाळवंटातल्या सरपटणाऱ्या प्राण्यांचे तापमान मोजून दाखवले, की ऊन आणि सावली यांमध्ये ये-जा करून हे प्राणी आपले तापमान ठराविक मर्यादेत राखतात. म्हणजे सरड्याचे रक्त थंड नसते. उन्हात बसलेल्या सरड्याचे रक्त आपल्याइतके गरम असू शकते. फक्त ती ऊब त्याला हिंडून मिळवावी लागते.

ऊब नाही तर भूक नाही

पोटात अन्न पचते ते विकरांमुळे, म्हणजे एन्झाइम्समुळे. ही रासायनिक क्रिया आहे आणि तिचा वेग तापमानावर अवलंबून असतो. शरीराचे तापमान १० अंशांनी उतरले, की अशा क्रियांचा वेग साधारणपणे निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. दाढीवाला सरडा मोकळा असताना आपले अंग सुमारे ३५ अंशांपर्यंत तापवतो. त्याला २५ अंशांच्या खोलीत ठेवले, तर त्याचे पोट अगदी सावकाश काम करील. कालचा किडा पोटात तसाच असताना आज दुसरा किडा कशाला खावा? पिल्लू खात नाही ते हट्टाने नव्हे. त्याची चूल पेटलेलीच नाही.

‘पण कळव्यात तर किती उकडते!’ असे तुम्ही म्हणाल. आपल्याला उकडते ते पुष्कळसे दमटपणामुळे. पावसाळ्यात खोलीतले तापमान २७ ते ३० अंश असते, हवा ओली असते आणि घाम वाळत नाही. सरड्याला मात्र कोरडी, तीव्र आणि एका जागी मिळणारी ऊब हवी असते. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातल्या कोरड्या प्रदेशात तो कुंपणाच्या खांबावर किंवा ओंडक्यावर बसून ती मिळवतो. आपल्या खोलीत ती कुठेच नसते. पंख्याखाली ठेवलेल्या पेटीत तर नाहीच.

आजाराशीही उबेचा संबंध आहे. १९७५ मध्ये मॅथ्यू क्लुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळवंटी इग्वाना या सरड्यांना रोगजंतू टोचले आणि त्यांना निरनिराळ्या ठराविक तापमानांत ठेवले. अधिक तापमानात ठेवलेले सरडे जास्त संख्येने जगले, कमी तापमानातले जास्त मेले. आपल्याला ताप आपोआप येतो, सरड्याला तो उन्हात जाऊन आणावा लागतो. पेटीत ऊनच नसेल, तर आजारी पिल्लू काय करील?

पेटीची दोन टोके

म्हणून पेटीचे एक टोक उष्ण आणि दुसरे थंड हवे. उष्ण टोकाला वरून उजेड देणारा, तापणारा दिवा लावतात. एलईडी दिवा उजेड देतो, पण पुरेशी ऊब देत नाही. दिव्याखाली पिल्लाला बसायला दगड किंवा ओंडका ठेवतात. त्या बैठकीचा पृष्ठभाग सुमारे ४० अंश आणि थंड टोक २५ ते २८ अंश असावे. रात्री दिवे बंद करावेत. हवा तेव्हा थोडी गार झाली तरी चालते.

तापमान हाताने अजमावू नका, तापमापकाने मोजा. पेटीवर चिकटवलेला तापमापक काचेचे तापमान सांगतो, बैठकीचे नाही. तापमापकाचे टोक पिल्लू जिथे पोट टेकते तिथे ठेवा आणि अर्ध्या तासाने आकडा वाचा. पेटी फार लहान असेल, तर दोन्ही टोके सारखीच तापतात आणि पिल्लाला पळायला जागा उरत नाही. हेही तितकेच घातक आहे. दिवा पिल्लाच्या आवाक्याबाहेर, जाळीच्या पलीकडे असावा. विजेची जोडणी घरातल्या मोठ्या माणसांकडूनच करून घ्या.

न दिसणारा प्रकाश

ऊब मिळाली तरी आणखी एक गोष्ट राहते. सूर्यप्रकाशात आपल्याला न दिसणारे अतिनील किरण असतात. त्यांतले सुमारे २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण कातडीवर पडले, की तिथे ड-३ जीवनसत्त्व तयार होऊ लागते. या क्रियेचा शेवटचा टप्पा उबेवर चालतो. म्हणजे ऊन आणि ऊब ही जोडी इथेही फुटत नाही. ड-३ नसेल तर अन्नातला कॅल्शियम आतड्यातून रक्तात नीट शोषला जात नाही. मग शरीर हाडांतलाच कॅल्शियम काढून वापरते. हाडे मऊ होतात, जबडा वाकतो, पाय थरथरतात. मुलांना होणाऱ्या मुडदूस रोगासारखाच हा प्रकार. जबडा दुखत असेल, तर पिल्लू किडा चावणार तरी कसे?

इथे पुष्कळांची फसगत होते. पेटी खिडकीशी ठेवली, लख्ख ऊन आत येते, म्हणजे काम झाले असे वाटते. पण खिडकीची साधी काच हे किरण जवळजवळ सगळेच अडवते. शिवाय उन्हात ठेवलेली काचेची पेटी भट्टीसारखी तापून पिल्लू काही मिनिटांत मरू शकते. म्हणून अतिनील किरण देणारा खास दिवा लावतात. तोही काही महिन्यांनी क्षीण होतो. उजेड पहिल्यासारखाच दिसतो, पण आपल्याला न दिसणारा भाग मात्र कमी झालेला असतो. अशा दिव्यावर लावल्याची तारीख लिहून ठेवावी आणि उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत तो बदलावा.

लपणे म्हणजे काय?

आता लपण्याकडे वळू. साताऱ्याजवळ चाळकेवाडीचे पठार आहे. तिथे पवनचक्क्या आहेत आणि गळ्याला रंगीत पंखा असलेले सुंदर सरडेही आहेत. या सरड्यांच्या प्रजातीला २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी ‘सरडा’ या मराठी शब्दावरूनच ‘सराडा’ असे शास्त्रीय नाव दिले. मारिया ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी कमी आढळले. तिथल्या सरड्यांच्या रक्तात ताण दाखवणारे संप्रेरक कमी होते आणि माणूस पुष्कळ जवळ येईपर्यंत ते पळत नव्हते. जिथे पक्षी जास्त, तिथले सरडे लांबूनच पळत.

यातून आपण काय शिकायचे? सरडा किती लपतो हे त्याला किती धोका जाणवतो यावर ठरते. आपल्या मित्राच्या पिल्लाने नुकताच प्रवास केला आहे, जागा नवी आहे, आणि दर तासाला एक मोठा हात वरून येतो. सरड्याच्या डोक्यावर मध्यभागी प्रकाशाची जाणीव असलेला एक बारीक ‘तिसरा डोळा’ असतो. वरून पडणारी सावली त्याच्या दृष्टीने घार किंवा ससाणा! म्हणून पहिला आठवडा-दोन आठवडे पिल्लाला हातात घेऊ नये. लपायची जागा काढून टाकू नये, कारण ती असली तरच ते बाहेर यायला धजावते. पेटीच्या तीन बाजू कागदाने झाकाव्यात, म्हणजे वर्दळ आणि काचेतले स्वतःचे प्रतिबिंब दिसणार नाही. हात समोरून, खालून, सावकाश न्यावा. एका पेटीत दोन पिल्ले ठेवू नयेत. मोठे पिल्लू उबेची जागा बळकावते, लहान उपाशी राहते आणि शेपटी-बोटेही कुरतडली जातात.

आता खाण्याचे

ऊब, किरण आणि निवांतपणा मिळाल्यावर खाण्याचा प्रश्न सोपा होतो. पिल्लाचे मुख्य अन्न किडे. मोठेपणी मात्र पालाच जास्त खाल्ला जातो. किडा पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नसावा. दिवे लागल्यावर एक-दोन तासांनी, अंग तापल्यावर, खायला द्यावे आणि किडे पचायला दिवे मालवण्यापूर्वी पुरेसा वेळ ठेवावा. किड्यांत फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी असतो, म्हणून त्यांना कॅल्शियमची पूड लावून देतात. न खाल्लेले रातकिडे रात्री पेटीत ठेवू नका. ते झोपलेल्या पिल्लाला चावतात.

पाल्यात शेवग्याचा पाला आणि जास्वंदीची फुले बारीक चिरून द्यावीत. पालक रोज नको. त्यातले ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. घरातली झुरळे नकोत, त्यांच्यावर औषध फवारलेले असू शकते. आणि पावसाळ्याच्या तोंडावर दिसणारे काजवे कधीही देऊ नका! काजवा खाऊन दाढीवाले सरडे मेल्याची नोंद १९९९ मध्ये शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केली आहे. अमेरिकेतल्या त्या काजव्यांच्या अंगात हृदयावर परिणाम करणारे विष असते. तिकडच्या सरड्यांना ते ओळखता येते, दुसऱ्या खंडातून आलेल्या या पाहुण्याला नाही.

करून पाहा

वहीत पाच रकाने आखा: तारीख, बैठकीचे तापमान, थंड टोकाचे तापमान, खाल्लेले किडे, विष्ठा झाली की नाही. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पिल्लाला डबीत ठेवून वजन करा. डबीचे वजन वजा करायला विसरू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला. दिवा, जागा आणि खाणे एकदम बदलले, तर गुण कशाने आला ते कळणार नाही. हाताळल्यावर साबणाने हात धुवा. सरड्याच्या विष्ठेत साल्मोनेला जंतू असू शकतात.

तापमान बरोबर असूनही वजन उतरत असेल, डोळे खोल गेले असतील, विष्ठा पातळ असेल, पाय थरथरत असतील, तर घरगुती उपाय थांबवा. सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे विष्ठेचा नमुना घेऊन जा. आतड्यातले परजीवी सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात. ‘थंडी आहे, झोपला असेल’ असे म्हणून वाट पाहू नका. मोठे सरडे हिवाळ्यात सुस्तावतात, पण पहिल्या वर्षातल्या पिल्लाच्या बाबतीत तसे धरून चालणे धोक्याचे आहे.

सांभाळणे जमत नाही म्हणून पिल्लाला पारसिकच्या डोंगरावर सोडणे हा उपाय नव्हे. आपल्या मुसळधार पावसात ते बहुधा मरेल, आणि जगले तर परके रोग इथल्या सरड्यांना देईल. तसेच भिंतीवरचा सरडा पकडून बरणीत ठेवू नका. घोरपडीसारख्या प्राण्यांना तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कडक संरक्षण आहे.

ज्यांच्याकडे पेटी नाही त्यांचा अभ्यास अधिक सोपा आहे. रोज सकाळी सात ते दहा दर अर्ध्या तासाने कुंपणाच्या भिंतीकडे लांबून पाहा. सावलीतले आणि भिंतीवरचे तापमान, सरड्याचा रंग, त्याची बसण्याची दिशा आणि पहिला किडा टिपल्याची वेळ लिहा. ढगाळ दिवशीही लिहा. महिनाभराने वही उघडा आणि शोधा: ज्या दिवशी ऊन उशिरा आले, त्या दिवशी सरड्याची न्याहारी किती वाजता झाली? हे उत्तर घेऊन मित्राकडे जा. ढलपीखालच्या पिल्लाला काय हवे आहे, ते तुम्ही त्याला समजावून सांगू शकाल.