मीटर जोडणाऱ्याची परीक्षा

कोलकात्याच्या उत्तरेस, हुगळीच्या पूर्व काठावर बराकपूर आहे. १८५७ च्या इतिहासात मंगल पांडे यांच्या नावाबरोबर या गावाचे नाव आपण वाचलेले असते. जुनी लष्करी छावणी, हवाई दलाचा तळ आणि आसपासच्या ताग गिरण्या यांमुळे निरनिराळ्या प्रांतांतील माणसे येथे नोकरीनिमित्त येऊन राहिली. अशा दाट वस्तीतील एखाद्या जुन्या इमारतीच्या जिन्याखाली डोकावले, तर एकाच फळीवर ओळीने बसविलेले अनेक मीटर दिसतात. नदीकाठच्या दमट हवेत पितळी स्क्रूवर हिरवट थर चढतो, जुन्या तारांचे वेष्टन कडक होऊन तडकते. मीटर जोडण्याचे काम शिकणाऱ्याला उद्या अशाच फळीपुढे उभे राहायचे असते. तेव्हा परीक्षेची तयारीही ती फळी डोळ्यांसमोर ठेवूनच केलेली बरी.

हे काम कोणालाही करता येत नाही. महाराष्ट्रात त्यासाठी तारतंत्रीचा परवाना लागतो. पश्चिम बंगालमध्येही परवाना मंडळ आहे. आयटीआयमधील वीजतंत्री व तारतंत्री हे अभ्यासक्रम आपल्या परिचयाचे आहेत. त्याखेरीज वीज क्षेत्राच्या कौशल्य परिषदेने ग्राहक वीजमीटर तंत्रज्ञ या कामासाठी वेगळी पात्रता ठरविली आहे. परीक्षा कोणतीही असो, तिच्यात लेखी प्रश्न असतात, प्रत्यक्ष काम असते आणि काम चालू असताना परीक्षक मध्येच विचारतो, ‘असे का केले?’ पुष्कळ उमेदवार अडतात ते येथे. त्यांचे हात सरावलेले असतात. कारण मात्र सांगता येत नाही.

पहिले उदाहरण जोडणीच्या क्रमाचे घेऊ. एकफेजी मीटरला चार टर्मिनले असतात : दोन येणाऱ्या तारांसाठी व दोन घराकडे जाणाऱ्या तारांसाठी. त्यांचा क्रम पाठ करून जाणे ही नेहमीची चूक आहे, कारण सर्व मीटरांचा क्रम सारखा नसतो. मीटरबरोबर जोडणीचा आराखडा दिलेला असतो. बहुधा तो टर्मिनलांच्या झाकणाच्या आतल्या बाजूस असतो. तो आधी वाचावा, मगच पेचकस हाती घ्यावा. समजा, घाईत फेज व न्यूट्रल यांची अदलाबदल झाली. मीटर चालेल, दिवे लागतील, बिलातही फरक दिसणार नाही. मात्र घरातील बटणे आता फेजऐवजी न्यूट्रल तोडू लागतील. बटण बंद करून गृहिणी दिव्याचा होल्डर पुसावयास गेली, तर त्या होल्डरमध्ये २३० व्होल्टचा दाब तसाच असेल. चूक करणारा तोवर दुसऱ्या गल्लीत पोहोचलेला असतो.

दुसरे उदाहरण ढिल्या स्क्रूचे. जोडाच्या ठिकाणी जेमतेम ०.०५ ओहम रोध राहिला आणि तारेतून २० अँपिअर विद्युतधारा वाहू लागली, तर विद्युतधारेचा वर्ग गुणिले रोध या सूत्राने तेथे २० वॅट उष्णता निर्माण होते. कथील वितळविण्याचे लहान सोल्डरिंग आयर्न सुमारे २५ वॅटचे असते. म्हणजे मीटरच्या पोटात जवळजवळ तेवढी उष्ण वस्तू तासन्‌तास ठेवल्यासारखे झाले. म्हणूनच परीक्षक जोडलेली तार ओढून पाहतो. तारेचे एक-दोन पदर बाहेर राहिले नाहीत ना, आणि वेष्टनच स्क्रूखाली दाबले गेले नाही ना, हेही तो पाहतो.

न्यूट्रलविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. टेस्टर लावला असता न्यूट्रलवर दिवा लागत नाही. त्यामुळे ही तार बिनमहत्त्वाची, असा समज नवशिक्यांत आढळतो. तो फार महागात पडतो. तीनफेजी जोडणीत कोणत्याही दोन फेजांमध्ये सुमारे ४०० व्होल्ट विभवांतर असते. एका फेजवर १०० वॅटचा दिवा, दुसऱ्या फेजवर १००० वॅटची इस्त्री आणि तिसऱ्यावर काहीच नाही, असे समजा. न्यूट्रल सुटताच दिवा व इस्त्री त्या ४०० व्होल्टांवर एकसरीत येतात. दिव्याचा रोध इस्त्रीच्या दहापट असल्याने त्याच्या वाट्याला ३६० व्होल्टांहून अधिक दाब येतो. दिव्याच्या जागी दूरचित्रवाणी संच असेल, तर त्याचे काय होईल ते सांगावयास नको. म्हणून जोडताना न्यूट्रल आधी व फेज शेवटी, तर काढताना फेज आधी व न्यूट्रल शेवटी, हा क्रम पाळावा. त्यापूर्वी पुरवठा तोडावा आणि तो खरोखर तुटला आहे का, हे तपासावे. तपासण्याचे साधन आधी चालू तारेवर लावून पाहावे; बिघडलेला टेस्टरही चालू तारेवर गप्पच राहतो!

आता हिशेबाकडे वळू. आजच्या मीटरवर एक लहान दिवा लुकलुकत असतो. मीटरवर दर युनिटला ३२०० स्पंद असे लिहिलेले असेल आणि घरात केवळ १०० वॅटचा दिवा चालू असेल, तर तासाला ३२०, म्हणजे दीड मिनिटात ८ स्पंद मोजता आले पाहिजेत. मनगटावरील घड्याळाने ही तपासणी कोणालाही करता येते. मीटरच्या अचूकतेच्या रीतसर चाचणीची जागा ती घेऊ शकत नाही. पण ढोबळ चूक लगेच उघडकीस येते.

ग्राहकासमोर हे स्पंद मोजून दाखविणे, हा माझ्या मते कामाचाच भाग आहे. वीज अधिनियम २००३ च्या कलम ५५ ने योग्य मीटरवाचून वीजपुरवठा करू नये असे ठरविले, आणि २००६ मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने मीटर बसविण्याविषयीचे विनियम केले. कायद्याने मीटर भिंतीवर लागतो, परंतु त्यावर विश्वास बसेलच असे नाही. पश्चिम बंगालमध्ये घरगुती ग्राहकांकडे स्मार्ट मीटर बसविण्याविरुद्ध इतक्या तक्रारी झाल्या, की जून २०२५ मध्ये राज्याच्या वीज विभागाने ते काम थांबविल्याचे जाहीर केले. अशा वादात दारात उभा असतो तो मीटर घेऊन आलेला तंत्रज्ञच. रागावलेल्या माणसाला ‘वरून आदेश आहे’ एवढेच सांगून त्याची शंका जात नाही.

तिची सुरुवात पुष्कळदा जुन्या मीटरच्या शेवटच्या आकड्यापासून होते. जुना मीटर उतरविण्यापूर्वी तो आकडा ग्राहकाला दाखवावा, दोन्ही मीटरांचे क्रमांक व नव्या मीटरचा आरंभीचा आकडा यांसह कागदावर लिहावा आणि त्यावर त्याची सही घ्यावी. सीलचे क्रमांकही तेथेच नोंदवावेत. मीटरशी छेडछाड करून वीज चोरणे हा कलम १३५ खाली गुन्हा आहे व त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. सील नोंदविण्याचे राहून गेले, तर निरपराध ग्राहकावरही संशय येण्याची वाट मोकळी होते.

करून पाहा

एका मीटरवर दर युनिटला १६०० स्पंद असे लिहिले आहे. घरात फक्त ६० वॅटचा पंखा चालू आहे. पाच मिनिटांत किती स्पंद दिसावयास हवेत? ते दुप्पट दिसले, तर मीटर सदोष आहे असे म्हणण्यापूर्वी तुम्ही घरात काय काय तपासाल? तुमचे उत्तर वीज विषयाची माहिती नसलेल्या शेजाऱ्याला समजेल अशा मराठीत, आठ-दहा वाक्यांत लिहा.