थंडीतल्या ट्रॅक्टरला आग दाखवू नका

पहाटेचा पारा दहा अंशांच्या खाली उतरला की निफाड, दिंडोरी, चांदवड या पट्ट्यातून एकच तक्रार सुरू होते: ट्रॅक्टर चालू होत नाही. द्राक्षबागेत भुरीची फवारणी अडलेली असते, कांदा लागवडीसाठी रोटाव्हेटर मारायचा असतो आणि शेजाऱ्याकडे मागावा तर त्याचाही ट्रॅक्टर उभाच. अडचण खरी आहे. डिसेंबर २०१८ मध्ये कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा दोन अंशांच्याही खाली गेला होता. त्यामुळे इथली थंडी काय करू शकते, हे इथल्या माणसाला सांगायला नको. ऑइल वेळेवर बदलणे, एअर क्लीनर धुणे, रेडिएटर पाहणे हे सर्वांना ठाऊक आहे असे धरतो. सकाळी घाईघाईत जुन्या ट्रॅक्टरवर जे अघोरी प्रयोग चालतात, त्यांच्याविषयी मात्र स्पष्ट बोलणे भाग आहे.

आधी कारण समजून घ्या. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन वर येताना हवा सोळा-अठरा पट दाबतो, त्या दाबाने हवा तापते आणि तिच्यात फवारलेले डिझेल पेटते. थंडीत आत येणारी हवाच गार असते आणि सिलिंडरचे गार लोखंड तिची ऊब शोषून घेते. चेंबरमधले ऑइल घट्ट झाल्यामुळे क्रँक जड फिरतो. जितका सावकाश फिरेल तितकी हवा रिंगांमधून निसटायला आणि गार व्हायला वेळ मिळतो. म्हणजे थंडीत ट्रॅक्टर चालू होण्याचा सगळा भार सेल्फ किती जोरात फिरतो यावर आहे. आणि सेल्फचा जोर म्हणजे बॅटरी.

नेमकी तीच दुर्लक्षित असते. गारठ्यात बॅटरीची ताकद घटते आणि त्याच वेळी इंजिन तिच्याकडे जास्त ताकद मागते. म्हणून दुपारी अर्ध्या सेल्फमध्ये चालू होणारा ट्रॅक्टर पहाटे नुसता घुरघुरतो. शेतकरी म्हणतो, ‘बॅटरी चांगली आहे, दिवे लागतात.’ दिवे लागणे ही बॅटरीची परीक्षा नव्हे. दिव्यांना लागणाऱ्या विजेच्या कितीतरी पट वीज सेल्फ ओढतो. साधा मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. १२.२ दाखवत असेल तर ती निम्मीच भरलेली आहे. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर बॅटरी चार्ज करून पुन्हा तपासा. तरीही कोसळला तर ती बदला. पाणी कमी झाले म्हणून बोअरचे पाणी किंवा ‘जोर यावा’ म्हणून ॲसिड ओतणाऱ्यांनी हा खेळ थांबवावा. बॅटरीत पडायचे ते डिस्टिल्ड वॉटरच. ॲसिड वाढवल्याने प्लेटा लवकर खराब होतात.

बॅटरीनंतर तारा. दिंडोरी तालुक्यातल्या एका बागायतदाराने ऐन हिवाळ्यात चारही नोझल बदलले, डिझेल पंप खोलून कॅलिब्रेट करून आणला, तरी सकाळचे रडगाणे संपेना. शेवटी दोष सापडला तो अर्थिंगच्या पट्टीत. पावसाळ्याआधी ट्रॅक्टर रंगवताना पट्टीखालच्या लोखंडावरही रंग बसला होता. रंग खरवडून नट आवळला आणि ट्रॅक्टर पहिल्याच सेल्फला चालू झाला. पंपावर घातलेला पैसा गेला तो गेलाच. म्हणून नोझल-पंपाकडे जाण्याआधी दोन मिनिटांची ही तपासणी करा: पाच-सहा सेकंद सेल्फ मारा आणि बॅटरीच्या टर्मिनलला व अर्थिंगच्या जोडाला हात लावून पाहा. जो जोड गरम लागेल तिथे वीज वाया जाते आहे. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने धुवा, पण झाकणे घट्ट लावून. धातू घासून चकचकीत करा, आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. तार सोडताना आधी अर्थिंगची सोडा, जोडताना ती शेवटी जोडा.

आता आगीकडे वळतो. काठीला चिंधी गुंडाळायची, डिझेल-पेट्रोलमध्ये बुडवून पेटवायची आणि हवा ओढण्याच्या तोंडाशी धरायची, हा प्रकार अजून गावोगाव चालतो. जळकी राख आणि धागे हवेबरोबर आत जातात आणि लायनर घासतात. जुन्या ट्रॅक्टरला ऑइलबाथ एअर क्लीनर असतो. त्याच्या वाटीत ऑइल, आजूबाजूला रबरी पाइप, वर बोनेट, पलीकडे डिझेलची टाकी. त्याच्याजवळ जाळ नेणारा माणूस ट्रॅक्टर चालू करत नाही, पेटवतो आहे. चेंबरखाली गोवऱ्या किंवा पाचट पेटवणाऱ्यांनाही हेच लागू. पॅकिंगमधून झिरपलेले ऑइल आणि डिझेल चेंबरला चिकटलेले असते. ट्रॅक्टर गोठ्यात उभा असेल तर चाराही जातो आणि जनावरेही जातात.

पेट्रोल किंवा ईथरचा स्प्रे हवेच्या तोंडात मारणे हा त्याचाच शहरी भाऊ. ईथर फार कमी उष्णतेत पेटते, पिस्टन पुरता वर येण्याआधीच भडका उडतो आणि रिंगा तुटतात, कनेक्टिंग रॉड वाकतो. ज्या जुन्या इंजिनात हीटर प्लग आहेत किंवा पर्किन्स घराण्याच्या इंजिनांसारखा इनटेकमध्ये थर्मोस्टार्ट आहे, तिथे तापलेल्या तारेवर ईथर मारणे म्हणजे इनटेकमध्येच स्फोट. हीटर आहे तर हीटर वापरा. बहुतेक ट्रॅक्टरांवर त्याची वायर कधीच तुटलेली असते आणि मालकाला पत्ता नसतो. इलेक्ट्रिशियनला बोलावून ती आधी जोडून घ्या.

सर्वांत कडक ताकीद पेचकसाची. चावी किंवा सोलेनॉइड बिघडले म्हणून जमिनीवर, मागच्या चाकापुढे उभे राहून सेल्फची दोन टोके पेचकसाने जोडतात. असे केले की क्लच आणि गिअरचा सेफ्टी स्विच वगळला जातो. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल तर तो चालू होताक्षणी पुढे झेपावतो आणि मागचे चाक माणसावरून जाते. बाजूला व्हायला वेळ मिळत नाही. अशा अपघातात माणसे गेली आहेत. सेल्फ सीटवर बसूनच मारायचा, याला अपवाद नाही. उतारावर लावून ठेवणे आणि दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून चालू करणे हीही रोजची रीत होता कामा नये. ऑइलचा दाब येण्याआधीच गार इंजिनाची बेअरिंगे घासली जातात आणि ओढताना दोर तुटला तर मागेपुढे उभ्या असलेल्यांची खैर नसते.

योग्य रीत अशी. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, बंद करण्याचा नॉब पूर्ण आत. शेवटचे सांगण्याची गरज पडते, कारण निफाडमध्ये एका वस्तीवर सकाळभर सेल्फ मारून बॅटरी संपवलेली पाहिली आहे. केबल गंजून नॉब अर्धवट बाहेर अडकला होता, पंपातून डिझेलच येत नव्हते. हँड थ्रॉटल पुढे घ्या. हीटर असेल तर माहितीपुस्तिकेत दिला आहे तेवढा वेळ तापू द्या. क्लच पूर्ण दाबून धरा, म्हणजे गिअरबॉक्समधले घट्ट ऑइल घुसळण्याचे ओझे सेल्फवर पडत नाही. एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ नको, आणि मध्ये किमान एक मिनिट विसावा. सलग सेल्फ मारल्याने मोटार जळते.

तरीही चालू झाला नाही तर धुराड्याकडे पाहा. सेल्फ मारताना पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोहोचते आहे पण पेटत नाही. दोष वेगाचा, उष्णतेचा किंवा कॉम्प्रेशनचा. धूर अजिबात नसेल तर डिझेलच पोहोचत नाही. मग नॉब, फिल्टर आणि लाइनमधली हवा तपासा. फीड पंपाच्या हँड लिव्हरने डिझेल पंप करत फिल्टरचा आणि मग पंपाचा एअर स्क्रू सैल करा, बुडबुडे थांबले की आवळा.

डिझेलचीही एक गोष्ट. भारतीय मानकात फिल्टर तुंबण्याच्या तापमानाची मर्यादा हिवाळी डिझेलला सहा अंश आहे, उन्हाळी डिझेलला अठरा. म्हणजे उन्हाळ्यात भरून ठेवलेल्या ड्रममधले डिझेल कडाक्याच्या पहाटे मेणासारखे धरून फिल्टर बंद करू शकते. ते आत्ताच, दिवसाउजेडी वापरून टाका. टाकी संध्याकाळी भरा. अर्ध्या टाकीत रात्री दव धरते आणि पाणी डिझेलमध्ये उतरते. फिल्टरच्या तळाचे पाणी आठवड्याला सोडा. ऑइल अजून सिंगल ग्रेड ४० असेल तर कंपनीने मान्य केलेले १५डब्ल्यू-४० सारखे मल्टिग्रेड घाला, ते गारठ्यात कमी घट्ट होते.

चालू झाल्यावर लगेच रेस करू नका आणि अर्धा तास जागेवर धडधडतही ठेवू नका. गार इंजिन मंद चालले की न जळलेले डिझेल लायनर धुते आणि चेंबरच्या ऑइलमध्ये उतरते. तीन-चार मिनिटे मध्यम गतीवर, मग हलक्या कामाला लावा. कामानेच ते नीट तापते.

इतके करूनही रोज पहाटे पांढरा धूर काढून अडत असेल, ब्रीदरमधून धूर येत असेल आणि ऑइल कमी होत असेल, तर रिंगा-लायनर संपले आहेत. त्याला कोणताही स्प्रे, कोणताही जाळ उपाय नाही. मिस्त्रीकडून कॉम्प्रेशन मोजून घ्या आणि काम निघत असेल तर द्राक्षाचा हंगाम संपताच इंजिन उघडा. तोवर या आठवड्यात दोन कामे करा: बॅटरी मीटरने तपासा आणि सेल्फची चावी दुरुस्त करून घ्या. दोन्हींचा खर्च इंजिन बांधण्याच्या खर्चापुढे किरकोळ आहे, आणि दुसऱ्या कामावर घरच्या माणसाचा जीव अवलंबून आहे.