सेवापुस्तक स्वतः वाच

अगं, शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर तुझं नाव लागलं, शिक्षणसेवक म्हणून रुजू झालीस, घरोघरी पेढे वाटून झाले. आता एका रविवारी नाशिकच्या द्वारकेला उतर आणि काठे गल्लीतून सरळ घरी ये. मामी थालीपीठ करील. मला मात्र तुझ्याशी कागदांचं बोलायचंय. बत्तीस वर्षं मी अनुदानित शाळेच्या कचेरीत काढली. शिक्षक मला भाऊसाहेब म्हणत, आणि त्या सगळ्यांची सेवापुस्तकं माझ्या कपाटात असत. त्यामुळे कोणाचं पेन्शन कुठे अडतं, हे मी फार जवळून पाहिलंय.

मला आज शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मं पेन्शन मिळतं, वर महागाई भत्ता. 2006 साली माझ्या शेजारच्या टेबलावर आलेल्या लिपिकाने माझ्याइतकंच काम केलं, पण हे पेन्शन त्याच्या वाट्याला नाही. कारण एक तारीख. 31 ऑक्टोबर 2005 चा शासन निर्णय निघाला आणि 1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्यांना 1982 च्या पेन्शन नियमांतून बाहेर काढलं. त्यांच्यासाठी आधी परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना, म्हणजे डीसीपीएस, आली, मग राष्ट्रीय पेन्शन योजना. पगारातून दहा टक्के कापायचे, सरकारने आपला हिस्सा घालायचा, तो आता चौदा टक्के आहे, आणि सगळा पैसा बाजारात. निवृत्तीला साठ टक्क्यांपर्यंत रक्कम हातात, उरलेल्या चाळीस टक्क्यांची वार्षिकी घ्यायची. ती वार्षिकी महागाईबरोबर वाढत नाही. माझ्या मते हा अन्याय आहे. शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला सत्तराव्या वर्षी औषधाच्या दुकानात हिशेब करत उभं राहावं लागू नये.

याहून वाईट वाटतं ते विनाअनुदानित शाळांतल्या लोकांचं. नेमणूक 2005 च्या आधीची, पण शाळेला शंभर टक्के अनुदान मिळालं नंतर, म्हणून जुनी पेन्शन नाकारली. वर्षानुवर्षं नाममात्र पगारावर शिकवलं, आणि सेवा मोजताना ती वर्षं धरलीच नाहीत.

जुन्या पेन्शनसाठी 14 मार्च 2023 ला राज्यभर संप सुरू झाला. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ लिहिलेल्या टोप्या नाशिकच्या रस्त्यांवरही दिसल्या. 20 तारखेला संप मिटला, निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती बसली आणि 1 मार्च 2024 ला सुधारित योजना जाहीर झाली: शेवटच्या पगाराच्या पन्नास टक्के आणि महागाई भत्ता, मागे कुटुंबाला त्या पेन्शनच्या साठ टक्के. संपाने एवढं मिळवलं, म्हणून संघटनेची वर्गणी बुडवू नकोस, मोर्चाला जात जा. पण यात विकल्प भरून द्यावा लागतो. तुझ्या शाळेला ही योजना कोणत्या आदेशाने लागू आहे, सेवेची अट किती वर्षांची, तुझ्या खात्यात साठलेल्या रकमेचं काय करणार, हे लेखी विचार आणि उत्तरही लेखी घे. स्टाफरूममध्ये कोणी सांगितलं म्हणून सही करू नकोस.

आता कागदांकडे वळू. 2 फेब्रुवारी 2024 च्या निर्णयाने राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना एकदाच सवलत मिळाली: भरतीची जाहिरात 1 नोव्हेंबर 2005 च्या आधीची असेल, तर नंतर रुजू झालेल्यालाही जुनी पेन्शन मागता आली. पंधरा-वीस वर्षांपूर्वीचं वर्तमानपत्राचं कात्रण कोण जपून ठेवतं? पण त्यावरच सगळं ठरलं. म्हणून तुझी जाहिरात, निवड यादी, नेमणुकीचा आदेश, रुजू अहवाल, आणि अनुदानित शाळा असेल तर शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता, हे पाचही कागद आजच एका फाइलला लाव. संस्था मूळ प्रत मागेल, तर तिथे झेरॉक्स दे.

सेवापुस्तक वर्षातून एकदा माग आणि स्वतः वाच. संकोच करू नकोस, ते तुझंच आहे. दुय्यम प्रतही घरी ठेव. आमच्या शाळेतल्या एका शिपाईमामांचं नाव सेवापुस्तकात एक आणि आधारवर दुसरं होतं. फरक एका वेलांटीचा. ते गेले आणि त्यांच्या पत्नी सात महिने शाळा, वेतन पथक आणि सीबीएस बसस्थानकाच्या बाजूची सरकारी कचेरी अशा फेऱ्या मारत होत्या. हातातली कापडी पिशवी मला अजून आठवते, त्यात मृत्यूचा दाखला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला. चूक माझ्या आधीच्या माणसाच्या हातची असली, तरी बारा वर्षं ते पान उलटताना मलाही ती दिसली नव्हती. तेव्हापासून मी प्रत्येकाला समोर बसवून पान वाचून घ्यायचो.

वेतननिश्चितीची पानं वेतन पडताळणी पथकाकडून तपासून घे. बारा वर्षांनी वरिष्ठ श्रेणी, चोवीस वर्षांनी निवड श्रेणी लागते, तेव्हा हमखास घोळ होतो आणि निवृत्तीच्या तोंडावर वसुली निघते. रफिक मसीह प्रकरणात 2014 साली सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, की वर्ग तीन आणि चारच्या कर्मचाऱ्याकडून किंवा निवृत्तीला वर्ष उरलेल्याकडून कार्यालयाच्या चुकीने जादा गेलेली रक्कम वसूल करू नये. पण वेतन आयोगाच्या वेळी जादा रक्कम परत करण्याच्या वचनपत्रावर सही घेतात, ते वाचून त्याची प्रत ठेव.

नियमित श्रेणीत आलीस की प्रान, म्हणजे पेन्शन खात्याचा नंबर, मिळेल. शालार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीच्या पगारपत्रकात कपात दिसली म्हणजे पैसे खात्यात गेले असं समजू नकोस. दर तीन महिन्यांनी पगारपत्रक आणि प्रान खात्याचा उतारा शेजारी ठेवून महिने जुळव. डीसीपीएसच्या काळात हिशेबाच्या चिठ्ठ्या वेळेवर न मिळाल्यामुळे कितीतरी शिक्षक आजही आपले हप्ते शोधताहेत. आणि नामनिर्देशन लग्नानंतर, मूल झाल्यावर, पुन्हा भर.

निवृत्ती तुला दूर वाटत असेल, पण तयारी दोन वर्षं आधी सुरू व्हावी आणि प्रकरण सहा महिने आधी पुढे जावं, असं नियमच सांगतो. ते स्वतः विचारायचं.

रविवारी येताना नेमणुकीचा आदेश आणि रुजू अहवाल, दोन्हीच्या दोन-दोन झेरॉक्स आण. फाइल आणि पंचिंग मशीन माझ्याकडे आहे.