हर्णे ते रत्नागिरी : एका दिवसात जाऊन येणे

प्रश्न : हर्णेहून रत्नागिरीला मोटारीने जाऊन त्याच दिवशी परतायचे आहे. किनाऱ्याचा रस्ता नकाशात जवळचा दिसतो, मग खेडमार्गे वळसा कशाला?
— एक वाचक, हर्णे

उत्तर : बेत शक्य आहे, मात्र कमी अंतर म्हणजे कमी वेळ, हा समज किनारपट्टीवर फसवा ठरतो. किनाऱ्याने जाताना दाभोळला वाशिष्ठीची आणि तवसाळला शास्त्री नदीची खाडी आडवी येते, व दोन्ही ठिकाणी गाडी फेरीबोटीवर, म्हणजे माणसांसह वाहने नेणाऱ्या सपाट बोटीवर चढवावी लागते. रांगेत गेलेला वेळ नकाशातील अंतरात दिसत नाही, आणि परतताना शेवटची फेरी हुकली तर अंधारात लांबचा वळसा घेणे भाग पडते.

म्हणून आपण दापोली-खेडमार्गे राष्ट्रीय महामार्ग ६६ धरावा आणि चिपळूण, संगमेश्वर करत हातखंब्याला रत्नागिरीकडे वळावे. हे अंतर सुमारे १६५ किलोमीटर असून एका बाजूस साडेचार तास धरावेत. त्यामुळे पहाटे निघून दुपारी तीनपर्यंत परतीला लागणे बरे. पावसाळ्यात चिपळूणजवळच्या परशुराम घाटात दरडींचा धोका असतो, तेव्हा निघण्यापूर्वी वाहतुकीची चौकशी करावी. चालक एकच असल्यास गाडी खेड स्थानकाशी ठेवून कोकण रेल्वेने पुढे जाणे अधिक सुखाचे, अर्थात परतीच्या गाडीची वेळ जुळत असेल तर. किनाऱ्याचा रस्ता निःसंशय देखणा आहे. त्यासाठी गुहागरला मुक्काम ठेवून वेगळी सहल आखावी.