थंडीचे दिवस, हयातीचा दाखला आणि फ्लू

जबलपूरच्या राइट टाउनमध्ये नोव्हेंबर उजाडला की सकाळच्या हवेत गारठा जाणवू लागतो. रविशंकर शुक्ल स्टेडियमकडे फिरावयास निघालेल्या ज्येष्ठांच्या अंगावर स्वेटर आणि मफलर दिसू लागतात. याच महिन्यात केंद्रीय निवृत्तिवेतनधारकांना बँकेत हयातीचा दाखला द्यावयाचा असतो. संरक्षण कारखाने आणि रेल्वे यांमुळे या शहरात निवृत्तांची संख्या लक्षणीय आहे. फ्लूचा धोका ज्यांना अधिक, नेमके तेच अशा दिवसांत रांगेत उभे असतात. म्हणूनच या आजाराची नीट ओळख असणे अगत्याचे आहे.

सर्दी आणि फ्लू यांतील भेद

दोन्ही आजार विषाणूंमुळे होतात. परंतु साध्या सर्दीत नाक वाहते, घसा खवखवतो आणि काही दिवसांत बरे वाटते. फ्लू मात्र एकाएकी येतो. भरपूर ताप, अंगदुखी, कोरडा खोकला व गळून जाणे ही त्याची लक्षणे होत. पासष्टीपुढील व्यक्ती, लहान मुले, गर्भवती स्त्रिया, तसेच मधुमेह, दमा वा हृदयविकार असणारे यांच्या बाबतीत त्याचे पर्यवसान न्यूमोनियात होऊ शकते. २००९ साली स्वाइन फ्लूने पुण्यात जे बळी घेतले, त्यांतून या आजाराचे गांभीर्य साऱ्या देशाला उमगले.

नोटा आणि बोटे

फ्लू मुख्यतः खोकल्या-शिंकेतून उडणाऱ्या तुषारांनी पसरतो. दूषित हात नाकातोंडाला लागल्यानेही संसर्ग होऊ शकतो. जिनिव्हा येथील संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात फ्लूचे काही विषाणू नोटांवर ३ दिवसांपर्यंत, तर नाकातील स्रावासह असताना १७ दिवसांपर्यंत टिकल्याचे आढळले. यावरून नोटांचे भय बाळगण्याचे कारण नाही. मात्र थुंकी लावून नोटा मोजण्याची सवय सोडून ओला स्पंज वापरणे केव्हाही श्रेयस्कर. व्यवहार आटोपल्यावर साबणाने निदान २० सेकंद हात धुवावेत.

प्रतिबंध आणि उपचार

फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते व तिचे संरक्षण मिळण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. तेव्हा थंडी वाढण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. खोकताना तोंडावर रुमाल धरावा, गर्दीत मुखपट्टी वापरावी. प्रतिजैविके विषाणूंवर निरुपयोगी असल्याने ती मनाने घेऊ नयेत. फ्लूवरील विषाणुरोधक औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केल्यास अधिक गुणकारी ठरते. धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर होणे वा भ्रम होणे यांपैकी काहीही दिसल्यास रुग्णालयात जाण्यास विलंब करू नये.

आजारपणात बँकेचे काम

ताप असताना केवळ दाखल्यासाठी शाखेत येण्याची आवश्यकता नाही. २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ हा डिजिटल दाखला उपलब्ध असून स्मार्टफोनवर चेहऱ्याच्या ओळखीनेही तो घरबसल्या सादर करता येतो. ऐंशी वर्षांवरील केंद्रीय निवृत्तिवेतनधारकांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देण्याची मुभा आहे. घरातील तरुणांनी एवढे साहाय्य केले, तर आजोबांची रांग वाचेल आणि रांगेतील इतरांचे आरोग्यही सुरक्षित राहील. सर्दी झालेल्या कर्मचाऱ्यानेही काउंटरवर बसण्याचा हट्ट न धरता विश्रांती घेणे, हीदेखील ग्राहकसेवाच होय.