लाळेंतील पहारेकरी

एकाच घरांत वाढलेल्या व एकाच डबींतील दंतमंजन वापरणाऱ्या दोन भावंडांपैकीं एकाचे दांत निरोगी, तर दुसऱ्याचे किडलेले, असें पुष्कळदां दिसतें. अशा एका मुलास मीं वर्गांत सर्वांदेखत 'आळशी' म्हटलें होतें. "सर, तो माझ्याहून अधिक वेळ दांत घासतो," असें त्याच्या बहिणीनें येऊन सांगितलें, तेव्हां मी निरुत्तर झालों.

सन १९२१ मध्यें लंडन येथें अलेक्झांडर फ्लेमिंग यांस पडसें आलें असतां त्यांनीं आपल्या नाकांतील स्राव जंतूंवर घालून पाहिला, तों जंतु विरघळले! तेंच द्रव्य पुढें अश्रूंत व लाळेंतही सांपडलें. त्यास लायसोझाइम म्हणतात. अश्रु मिळावे म्हणून ते सहकाऱ्यांच्या डोळ्यांपाशीं लिंबाची साल पिळीत. आमचे विद्यार्थी सुदैवी म्हणावयाचे!

लाळेंत असे पहारेकरी अनेक आहेत. त्यांपैकीं लॅक्टोफेरिन हें प्रथिन जंतूंस हवें असलेलें लोह स्वतःच धरून ठेवतें, व जंतूंच्या आवरणासही इजा करतें. हें प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या सुमारें ६९० मण्यांची माळ होय. कोणता मणी कोठें ओवावा, हें जनुकांत लिहिलेलें असतें. जनुकाची एक प्रत आईकडून व एक वडिलांकडून येते. आतां गंमत अशी कीं, २९ व्या जागीं कांहींच्या माळेंत लायसिन असतें, तर कांहींच्या माळेंत आर्जिनिन. सन २००३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत लायसिन असलेलें प्रथिन दांत किडविणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स या जंतूस अधिक मारक ठरलें. एका मण्याचा हा फेर! आईबापांच्या दोन प्रतींतून कोणती मिळावी हें प्रत्येक अपत्याचें निराळें ठरतें. म्हणून सख्ख्या भावंडांची लाळही सारखी नसते.

परंतु पालकांनीं 'आमच्या घराण्याचे दांतच असे' म्हणून स्वस्थ बसूं नये. पहारेकरी एकटा नाहीं, आणि त्या मुलाच्या माळेंत कोणता मणी होता हें मीं पाहिलेलें नाहीं. शिवाय दांत पोखरतें तें आम्ल, व जंतु तें साखरेपासून करितात. साखर न मिळाल्यास त्यांचें फारसें चालत नाहीं. निजेंत तर लाळ फारच थोडी स्रवते. म्हणून मीं त्या मुलाची क्षमा मागितली, आणि रात्रीं दांत घासल्यावर साखर घातलेलें दूध देऊं नये, एवढें त्याच्या आईस सांगितलें.