व्याख्येच्या आधी भाकरी

पालकहो, सहामाही जवळ आली की घराघरांतून घोकंपट्टी ऐकू येते. "ज्याची तुलना करायची ते उपमेय, ज्याच्याशी करायची ते उपमान..." मूल डोळे मिटून म्हणतं, तुम्ही पुस्तक धरून तपासता. मग वर्गात मी फळ्यावर एखादी नवी ओळ लिहिते आणि तेच मूल अडतं. व्याख्या तोंडपाठ, पण ओळीतलं उपमेय काही सापडत नाही.

माझी कळकळीची विनंती आहे, व्याख्या थोडी मागे ठेवा. भाकरी भाजताना मुलाला जवळ बोलवा. 'भाकरी चंद्रासारखी वाटोळी' असं ते म्हणालं, की झाली उपमा! भाकरी उपमेय, चंद्र उपमान, वाटोळेपणा दोघांतला समान गुण आणि 'सारखी' हा साम्य दाखवणारा शब्द. 'भाकरी जणू पुनवेचा चंद्रच' म्हटलं की उत्प्रेक्षा. 'ही भाकरी नव्हेच, हा तर चंद्र!' इथे उपमेयच नाकारलं, म्हणून अपन्हुती. आणि 'चंद्राहूनही वाटोळी' म्हणताच व्यतिरेक, कारण उपमेयानं उपमानावर मात केली. वाक्यात नेमकं काय बदललं हे मुलानं स्वतः पाहिलं, की त्या बदलाचं नाव लक्षात राहतं.

बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरकामात सुचलेली त्यांची गाणी मुलानं, सोपानदेवांनी, टिपून ठेवली आणि ती 1952 साली पुस्तकरूपानं आली. त्यांतली रूपकं आज आपण मुलांना शिकवतो. आधी बघणं, मग बोलणं, नाव त्यानंतरचं.

तरी नावं हवीतच. दहावीच्या रसग्रहणात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये अशी मांडणी करायची असते. ज्याच्याजवळ हे शब्द नाहीत, त्याचं उत्तर 'कविता मला फार आवडली' इथेच संपतं. आवडलेलं असतं खरं, पण काय आवडलं ते सांगता येत नाही, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

सगळ्यात जास्त गोंधळ 'मध्यवर्ती कल्पना' या शब्दाचा. मुलं तिथे कथानकच लिहून मोकळी होतात. घरी गोष्ट वाचून झाली की दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. "काय काय घडलं?" हे कथानक. "हे सगळं कशाबद्दल होतं?" ही मध्यवर्ती कल्पना. दुसऱ्या प्रश्नाला मूल थबकेल. थबकू द्या, उत्तर तुम्ही पुरवू नका.

निवेदक समजावायचा असेल, तर ससा-कासवाची शर्यत सशाच्या तोंडून सांगायला लावा. 'मी जरा झाडाखाली टेकलो' असं सुरू झालं, की गोष्ट सांगणारा बदलला हे त्याला कळेल. ती गोष्ट वहीत लिहू द्या आणि शुद्धलेखनाच्या चुका त्या दिवशी काढू नका. वही माझ्याकडे पाठवा, मी ती वर्गात वाचून दाखवीन.